खोकल्याशिवाय दोरी नाही

रविवारी सकाळपासून काकूंनी टीव्हीशी अबोला धरला होता. त्याच्यासमोरून जाताना मान वळवायची, पुसायचं फडकं त्याला सोडून बाकी सगळ्या खोलीवर फिरवायचं. लेकीने संध्याकाळसाठी खुर्च्या मांडल्या, तर काकूंनी त्यातल्या दोन उचलून परत आत नेल्या.

"एवढ्या कशाला? सभा आहे का इथे?"

"आई, अख्खी बिल्डिंग आज हेच बघणार आहे," लेक म्हणाली. "सगळे नुसते उड्या मारतायत आणि तू परीक्षेला बसल्यासारखी काय करतेस?"

"परीक्षाच आहे."

"कुणाची?"

"तुझ्या बाबांची," काकू म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

लेकीच्या बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांना सगळं जग काका म्हणायचं, कारण 'मीच करतो' या मालिकेत ते काका होते, आणि मग भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचेच काका झाले. काकांची बायको म्हणून या काकू.

मालिका लागायची तेव्हा टीव्ही घरोघरी नव्हते. ज्याच्याकडे असेल त्याच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. मालिकेतल्या काकांना एकच खोड: घरातली कुठलीही वस्तू बिघडली की कारागिराला बोलवायचं नाही. बाह्या सरसावायच्या आणि म्हणायचं, "आणा इकडे, मीच करतो!" मग घड्याळ असो, नळ असो, दाराची कडी असो, काका ती मन लावून दुरुस्त करणार, दोन पावलं मागे सरून तिच्याकडे अभिमानाने बघणार, आणि पुढच्याच क्षणी ती धाडकन खाली येणार. बघणाऱ्यांना हे दर आठवड्याला आधीच ठाऊक असायचं आणि तरी दर आठवड्याला त्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

त्या वस्तू आपोआप पडत नसत. त्या काकू पाडत.

सेटवर सामानसुमान लावायचं काम काकूंकडे होतं. प्लायवूडच्या खोट्या भिंतीमागे एका तिपाईवर बसायचं, भोकातून आलेली बारीक काळी दोरी बोटाला गुंडाळायची आणि वेळ आली की ओढायची. भिंतीपलीकडचं दिसत नसे, फक्त ऐकू येई. सुरुवातीला एकदा काकूंनी दोरी ओढली तेव्हा काका अजून फळीखालीच उभे होते. डबा बरोबर टाळक्यात बसला. पुढचे दोन भाग काकांनी घरातही टोपी घालून केले आणि लोकांना वाटलं, हासुद्धा विनोदच आहे.

टेंगूळ चोळत काका भिंतीमागे आले होते. "बाई, तुमचं माझ्याशी काही वैर आहे का?"

"मला दिसत नाही हो तुम्ही कुठे आहात ते!"

"मग आपण असं करू. मी बाजूला झालो की हळूच खोकेन. खोकल्याशिवाय दोरी नाही. कबूल?"

"कबूल."

तेव्हापासून काकांनी अभिमानाने वस्तूकडे बघायचं, बाजूला व्हायचं, "अंहं" असं कोरडं खोकायचं, आणि काकूंनी दोरी ओढायची, हा नेम झाला. बघणाऱ्यांना तो खोकला काकांच्या ऐटीचा भाग वाटायचा. खोकला ऐकून प्रेमात पडलेली बाई जगात दुसरी कोणी असेल असं काकूंना वाटत नसे. लग्नानंतर तो खोकला घरीही आला. काही नावडतं सांगायचं असलं की काका आधी खोकायचे, आणि काकू म्हणायच्या, "थांबा, मी बाजूला होते. आता पाडा काय पाडायचं ते."

खऱ्या घरात मात्र काकांनी उभ्या जन्मात खिळा ठोकला नाही. बल्ब बदलायच्या त्या काकू, नळाचा वायसर घालायच्या त्याही काकूच. पण लोकांच्या मनातून मालिकेतले काका काही जात नव्हते. खाली तळमजल्यावर राहणारे हार्डवेअरवाले तर काकांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवायचे. "काका, हात जोडतो, स्क्रू काकूंच्याच हातात देईन!" आणि काका खुशीत घरी येऊन सांगायचे, "आज परत मला हाकललं."

शेवटच्या आजारपणात एका दुपारी काका उशीला टेकून बसले होते. "अंहं," त्यांनी केलं.

काकू हातातली वाटी ठेवून बाजूला सरकल्या. "पाडा."

"बारक्या कधी ना कधी मालिकेचा नवा भाग करणार. सगळ्यांना परत गोळा करणार. मला फ्रेममध्ये घालून व्हायोलिन वाजवेल, बघ. तसं होऊ देऊ नकोस."

"मग काय करू?"

"काहीतरी पाड," काका म्हणाले.

बारक्या म्हणजे मालिकेतला सगळ्यात कनिष्ठ सहायक. आता त्याचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं आणि तो मोठा दिग्दर्शक झाला होता, तरी काकूंच्या लेखी तो बारक्याच. त्याने खरोखरच सगळ्यांना गोळा केलं. आज जो खास भाग लागणार होता तो हाच. त्यात काका नव्हते, काकांचं घर होतं.

काकूंनी काकांचं म्हणणं सांगितल्यावर बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने लगेच होकार दिला. चॅनेलवाल्यांनी मात्र नाक मुरडलं. घरात माणूस गेल्याची गोष्ट चालू असताना डबे पाडायचे? लोक चिडतील. निदान मागे आधीच मुद्रित केलेलं, डब्यातलं हसू तरी घाला, म्हणजे हसायचंय हे कळेल. काकू त्यालाही नाही म्हणाल्या. डब्यातल्या हसण्याचा काकांना फार तिटकारा होता. शेवटी दोन शेवट तयार झाले. एकात फळी पडते, दुसऱ्यात फळीच्या जागी फोटो आणि व्हायोलिन. आज फळीचा शेवट लागणार होता. लोक हसले तर तोच राहणार. लोकांना तो रुचला नाही, तर पुढल्या रविवारच्या पुनःप्रसारणापासून कायमचा फोटो.

एवढ्यानेही काकूंनी टीव्हीशी अबोला धरला नसता. त्यांचं खरं दुखणं निराळं होतं, आणि ते त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. दोरी ओढायला त्या स्वतः भिंतीमागे बसल्या होत्या. पडद्यावरच्या मुलाचं वाक्य संपलं की लगेच ओढायची, असं बारक्याने बजावलं होतं. वाक्य संपलं. आणि काकूंचा हात हललाच नाही. किती वेळ, ते त्यांनाही कळलं नाही. भानावर येऊन ओढली तेव्हा डबे पडले ते पडले, पण सेटवर कोणी हसलं नाही. सगळे ओक्साबोक्शी रडत होते. चेहऱ्यांवरचे रंग ओघळले, डब्यांना पोचे आले, दुसरा टेक घ्यायची कोणाच्यात ताकद उरली नव्हती. बारक्या नुसतं "बघू संकलनात" म्हणाला होता.

म्हणजे ज्या कामात त्या पहिल्या टेंगळानंतर आयुष्यभर हात चुकला नाही, ते काम नेमकं नवऱ्याच्या शेवटच्या विनोदाला चुकलं होतं.

संध्याकाळी नात येऊन काकूंच्या खुर्चीच्या हातावर बसली. तिच्या मांडीवर मक्याच्या लाह्यांचं भलंमोठं भांडं होतं.

"आजी, खालच्यांना आधी कळणार," ती म्हणाली.

या बिल्डिंगची ती एक गंमतच होती. हार्डवेअरवाल्यांकडे अजून गच्चीवरचा जुना अँटेना होता. त्यांचं चित्र मुंग्यांनी भरलेलं असे, पण येई सगळ्यांच्या आधी. काकूंकडे केबल, ते मागाहून. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याकडे इंटरनेट, ते सगळ्यात शेवटी, आणि मधेच अडकलं तर देवालाच ठाऊक कधी. फुटबॉलच्या सामन्याला खालून आधी आरडाओरडा व्हायचा, मग काकूंच्या टीव्हीवर गोल व्हायचा, आणि चहाचा कप धुऊन झाला की वरच्यांकडे उड्या.

भाग सुरू झाला. जुनं शीर्षकगीत वाजताच तळमजल्यावरून शिट्टी आली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पहिला अर्धा भाग झकास होता. घर विकायला काढलंय आणि गिऱ्हाईक बघायला येतंय, अशी गोष्ट. गिऱ्हाईकाने दिव्याचं बटण दाबलं की घंटा वाजे, घंटेचं बटण दाबलं की नळ सुटे. काका नव्हते, पण त्यांची दुरुस्ती भिंतीभिंतीत होती. आधी खालून हसू यायचं, मग या खोलीत, मग छतावरून. नातीने त्यातच खेळ काढला. खालून आवाज आला की ती बोट वर करून सांगायची, "आता आपलं येणार!" आणि यायचं.

मग वरचं हसू बंद झालं. नातीने कान वर केले. "वरच्यांचं अडकलं वाटतं."

"अडकू दे," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. तो प्रसंग आला होता.

पडद्यावर स्वयंपाकघर. काकांची पडद्यावरची बायको ओट्याशी पाठमोरी उभी. ही नटी काकूंची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकमेकींना सवतच म्हणत. मुलगा भिंतीवरच्या फळीकडे बघतो. फळीवर डब्यांची रांग. तो म्हणतो, "ही बाबांनी ठोकलेली शेवटची फळी. इतकी वर्षं झाली आई, पण हललीसुद्धा नाही."

वाक्य संपलं.

काकूंनी कान जमिनीकडे लावले. खाली तर ते केव्हाच होऊन गेलं असणार. फळी पडली असणार. आणि खालून टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नव्हता. हार्डवेअरवाले, त्यांची बायको, त्यांची तीन पोरं, शिंकसुद्धा बिल्डिंगभर ऐकू जाईल अशी खणखणीत माणसं, आणि चिडीचूप.

'गेलं,' काकू मनात म्हणाल्या. 'पडलं तोंडावर. अहो, माफ करा.'

पण पडद्यावर अजून काहीच पडलं नव्हतं. मुलगा फळीकडे बघतोय. सवत ओट्याकडे तोंड करून उभी आहे. ती काही करत नाही, फक्त मान किंचित तिरकी करते, जशी कशाचा तरी कानोसा घेतेय. फळी जागच्या जागी. सगळं घर थांबलेलं. काकूंनी हे कधी पाहिलंच नव्हतं; त्या तर भिंतीमागे होत्या. आपण इतके थांबलो होतो? इतके? आता फळी पडणारच नाही असं वाटावं, बघणाऱ्याने श्वास सोडावा, डोळे भरून यावेत, काका खरंच गेले हे मनाला पटावं, इतके?

आणि पडदा तसाच स्तब्ध असताना जमिनीखालून स्फोट झाला.

हार्डवेअरवाल्यांचं ते हसणं होतं. पोटातून आलेलं, खुर्ची मागे सरकवणारं, त्यात बायकोची किंकाळी आणि पोरांच्या टाळ्या. नातीने बोट वर केलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत इथल्या टीव्हीवर फळीचं एक टोक सुटलं, डबे एकामागोमाग घसरले आणि धडाधड खाली आले. शेवटचा डबा गडगडत जाऊन सवतीच्या पायाशी थांबला.

सवतीने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "आलात? मग दार तरी वाजवायचं!"

नातीच्या मांडीवरचं भांडं उडालं. लाह्या खोलीभर. लेक खुर्चीतून घसरून खाली बसली होती आणि एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने जमिनीवर थापा मारत होती. "बाबा! आई गं... बाबा!" समोरच्या घरातून, बाजूच्या घरातून, जिन्यातून हसू येत होतं. काकू मात्र ताठ बसल्या होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तोंड होतं कानापर्यंत फाकलेलं.

"आजी, तू रडतेस का हसतेस?"

"तू लाह्या गोळा कर," काकू म्हणाल्या.

भाग संपतो न संपतो तोच लेकीचा मोबाइल टुणटुणायला लागला. ती मोठ्याने वाचत सुटली. कोणी लिहिलं होतं, मी रडत होतो आणि बायको विचारतेय, हसताय काय एवढे. कोणी लिहिलं होतं, आमच्या आजोबांनी टाळी वाजवली, वर्षभरात पहिल्यांदा. एकाचा राग होता की दुःखाच्या प्रसंगी हे शोभत नाही. त्याच्याखाली त्याच्याच बहिणीने लिहिलं होतं, खोटं बोलू नकोस दादा, पाणी पिताना तुला ठसका लागला तो मी पाहिलाय. आणि एका गृहस्थांचा गंभीर प्रश्न होता: फळी इतकी वर्षं टिकली, म्हणजे ती काकांनी ठोकलीच नव्हती, काकूंनी ठोकली असणार, याचा खुलासा व्हावा.

"हा शहाणा माणूस," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं. हार्डवेअरवाले धापा टाकत उभे होते. डोळे लाल, हातात कागदाची पुडी.

"काकू, हे चांगल्यातले स्क्रू. बारक्यासाहेबांना द्या. म्हणावं, पुढच्या वेळी हे लावा, फळी हलायची नाही."

"अहो, मग आमचं घर कशावर चाललं असतं?"

"तेही खरंच!" त्यांनी पुडी परत खिशात टाकली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, काढून काकूंच्या हातात ठेवली. "काकांना आयुष्यभर नाही म्हणालो. आज घ्या त्यांच्या नावाने."

ते जिना उतरत असतानाच बारक्याचा फोन आला. तो काय बोलतोय हे नीट कळत नव्हतं, कारण त्याच्या मागे कोणीतरी नाचत असावं. कळलं ते एवढंच की चॅनेलवाल्यांनी स्वतःहून फोन केला होता. फळी राहणार. फोटोचा शेवट रद्द.

"आणि काकू, ती वेळ! आम्ही तिघांनी मिळून संकलनात एक क्षण कमी करून बघितला, तर सगळी मजाच जायची. परत होता तसा ठेवला. इतकं थांबायचं धाडस फक्त तुम्हीच करू शकता."

"जेवलास का?" काकूंनी विचारलं.

फोन ठेवला आणि तो पुन्हा वाजला. सवत होती.

"काय गं दोरीबाई! नवरा माझा मेला आणि टाळ्या तू घेतल्यास."

"नवरा माझा होता, बये. तुला फक्त भाड्याने दिला होता."

दोघी खिदळल्या. हसू ओसरल्यावर काकू फोन घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"तुला म्हणून सांगते," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "बारक्याला वाटतंय मी मुद्दाम थांबले. धाडस नाही आणि बिडस नाही. माझा हातच हलला नाही. चुकले मी."

"कशाची वाट बघत होतीस?"

काकूंनी खिडकीतून पाहिलं. खाली रस्त्यावर दोन माणसं हातवारे करून एकमेकांना डबे कसे पडले ते दाखवत चालली होती.

"खोकल्याची," त्या म्हणाल्या. "सवयच गं. हे बाजूला झाले का नाही ते कळल्याशिवाय कशी ओढणार?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मीपण."

"काय मीपण?"

"मीपण आपल्या ह्यांच्या खोकल्यासाठीच थांबले होते. मान वळवली ना मी, ती अभिनयात नव्हती. मला वाटलं, आता खोकतील, मग पडेल. मग खोकलेच नाहीत. मग पडली. आपण दोघीही येड्या."

"दोघीही," काकू म्हणाल्या. चित्रीकरणाच्या दिवसापासून छातीवर असलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. चूक होती खरी; पण ती एकटीची नव्हती, आणि तिच्यावर आत्ता रस्त्यावरची माणसं हसत चालली होती.

"हॅलो? आहेस का गं?" सवत म्हणाली.

"आहे."

"मग घे." आणि सवतीने फोनमध्ये, अगदी हुबेहूब काकांच्या ऐटीत, कोरडं, बारीक केलं, "अंहं."

काकूंचं बोट आपसूक हललं. खिडकीत उभ्या उभ्या त्यांनी हवेतली दोरी ओढली.

आणि डोक्यावर धडाधड डबे कोसळले. मागोमाग कोणीतरी पलंगावरून खाली पडल्याचा दणका, आणि मग त्या नव्या जोडप्याचं गळ्यात गळा घालून आलेलं बेभान हसू.

नात लाह्यांचं भांडं टाकून धावत आली.

"आजी, आजी! वरच्यांची फळी आत्ता पडली!"